प्रतिसाद: एसएपीवाल्यांची मागणी का टिकून आहे

क्लाउड आल्यावर एसएपी (कंपन्यांचे हिशोब, खरेदी, विक्री सांभाळणारं सॉफ्टवेअर) कन्सल्टंटची गरज संपली, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ईसीसी ६.० या एसएपीच्या जुन्या आवृत्तीच्या एन्हान्समेंट पॅक (सुधारणा संच) ६ ते ८ ची नेहमीची देखभाल २०२७ अखेर थांबते. जादा पैसे मोजले तर २०३० अखेरपर्यंत मिळते. म्हणजे एस/४ हाना या नव्या आवृत्तीवर जायचं काम कंपन्यांपुढे आहेच, आणि ते जाणणारी माणसं कमी पडतात.

पहिली अडचण बिझनेस पार्टनरची. ईसीसीत ग्राहक आणि पुरवठादार वेगळ्या मास्टरमध्ये (मूळ नोंदींच्या यादीत) असतात, एस/४ मध्ये दोन्ही बिझनेस पार्टनर या एकाच नोंदीखाली येतात. हे जुळवणं रूपांतराआधी ईसीसीतच पूर्ण करावं लागतं. चुकीचा पिनकोड किंवा टॅक्स क्रमांक असलेली जुनी नोंद तिथेच अडकते, म्हणून सफाई सर्वांत आधी हाती घ्या.

मग कंपनीने स्वतःसाठी लिहून घेतलेले झेड प्रोग्रॅम. मटेरियल क्रमांक १८ ऐवजी ४० अक्षरांचा होतो, किमतींचा तपशील ठेवणाऱ्या केओएनव्ही टेबलच्या जागी पीआरसीडी_एलिमेंट्स येतं. पण खरा घात 'ऑर्डर बाय' (ओळी क्रमाने लावायची सूचना) न लिहिता टेबलातली पहिली ओळ उचलणाऱ्या जुन्या एबॅप (एसएपीची प्रोग्रॅमिंग भाषा) कोडमध्ये असतो. एस/४ च्या हाना डेटाबेसवर ओळींच्या क्रमाची हमी नाही. डंप येत नाही (म्हणजे प्रोग्रॅम एरर देऊन बंद पडत नाही), प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो आणि आकडा मात्र चुकीचा देतो! वापराच्या नोंदी बघून पडीक प्रोग्रॅम आधी काढून टाका, उरलेल्यांवर एटीसी (एसएपीचं कोड तपासायचं साधन) तपासणी चालवा.

नव्याने शिकणाऱ्यांनी नुसत्या सर्टिफिकेटमागे लागू नये. एक विक्री ऑर्डर डिलिव्हरी, बिलिंगमधून एसीडीओसीए या हिशोबाच्या नोंदींच्या टेबलपर्यंत कशी पोचते, ते स्वतः तपासून बघावं. मुलाखतीत तेच विचारतात.