ट्रेलरमधील फ्रिज बॅटरीवर रात्रभर का टिकत नाही?

प्रश्न
आमच्या प्रवासी ट्रेलरमध्ये गॅस, मेन्सची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज आहे. त्यासाठी १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. संध्याकाळी ती पूर्ण चार्ज असते, तरी पहाटेपर्यंत दिवे मंद होतात आणि फ्रिजमधील दूध कोमट लागते. बॅटरी तपासून घेतली असून तिच्यात दोष नाही. तशीच दुसरी बॅटरी समांतर जोडल्यास प्रश्न सुटेल का?

प्रतिसाद १
दुसरी बॅटरी घेण्याआधी फ्रिजच्या लेबलवर १२ व्होल्टसमोर किती वॅट लिहिले आहेत ते पाहावे. तिन्हींवर चालणारा फ्रिज शोषण पद्धतीचा असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचे द्रावण तापवून थंडावा मिळवला जातो, आणि १२ व्होल्टवर हे काम चक्क एक हीटर करतो. त्याला साधारण १२० ते १८० वॅट, म्हणजे १० ते १५ अँपिअर लागतात, आणि अनेक मॉडेलांत १२ व्होल्टच्या बाजूला थर्मोस्टॅटच नसल्यामुळे तो अखंड चालू राहतो. १२ अँपिअर धरले तरी चार तासांत ४८ अँपिअर-अवर जातात. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, हे लक्षात घेता तुमची बॅटरी मध्यरात्रीपूर्वीच संपलेली असते. शिवाय १०० हा आकडा सहसा २० तासांत, म्हणजे ५ अँपिअरने, सावकाश उतरवल्यास मिळणारा असतो. त्याहून जोरात वीज ओढली की तेवढीही क्षमता हाती लागत नाही. दुसऱ्या बॅटरीने चार-पाच तास वाढतील आणि ट्रेलरचे वजनही वाढेल. १२ व्होल्टची सोय मुळात गाडी धावत असताना अल्टरनेटरच्या विजेवर थंडावा टिकवण्यासाठी असते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. लेबलवर १७० वॅट लिहिले आहेत. कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवल्यास किती फरक पडेल? की घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर चालवावा?

प्रतिसाद २
फरक मोठा पडेल. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४० ते ६० वॅट घेतो, पण तो सतत चालत नाही. हवामान, दाराची उघडझाप आणि आत ठेवलेल्या वस्तूंचे तापमान यांनुसार तो दिवसाचा एक तृतीयांश ते निम्मा वेळ चालतो. साडेचार अँपिअर आणि दहा तास धरल्यास दिवसाला ४५ अँपिअर-अवर होतात, म्हणजे तुमच्या आहे त्या बॅटरीवर रात्र निभावेल; मात्र दुसऱ्या दिवशी सौर पॅनेलने किंवा अन्य मार्गाने तेवढी वीज परत भरावी लागेल. इन्व्हर्टरचा मार्ग मी टाळेन. रूपांतरात वीज वाया जातेच, पण इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी १५ वॅट घेत असेल तर २४ तासांत ३६० वॅट-अवर, म्हणजे ३० अँपिअर-अवर फुकट जातात.

नवीन फ्रिज बसवताना जुनी बारीक वायर वापरू नये. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर फ्रिजपर्यंत पाच मीटर असेल, तर जाऊन-येऊन दहा मीटरमध्ये ५ अँपिअरला सुमारे ०.६ व्होल्ट घटतात. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह वाढला की ही घट आणखी वाढते, आणि बॅटरीत वीज शिल्लक असूनही फ्रिजचे नियंत्रण त्याला बंद करते. मग दोष विनाकारण बॅटरीला लागतो.

प्रतिसाद ३
वरील हिशेब पटतो, पण चालू स्थितीतला फ्रिज काढून टाकण्याची घाई मला योग्य वाटत नाही. मुक्कामी तो गॅसवर चालवल्यास बॅटरीवर फक्त नियंत्रण पट्टीचा किरकोळ भार राहतो, आणि काही साध्या मॉडेलांत तोही नसतो. मात्र शोषण पद्धतीच्या फ्रिजला ट्रेलर समतल उभा लागतो, आणि मागील जाळ्यांतून हवा मोकळी खेळावी लागते. निघण्याच्या आदल्या रात्रीच तो मेन्सवर लावून आत थंड केलेल्या वस्तूच ठेवाव्यात, कारण गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात. पेट्रोल पंपावर जाताना गॅसची ज्योत बंद असलीच पाहिजे, आणि गाडी थांबल्यावर १२ व्होल्टचे बटण बंद करण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावे.