अॅडमिशन काउन्सेलरला पैसे देणारे पालक खरंच मूर्ख असतात का?

सावली_नाशिक
परवा तिरकस यांनी लिहिलं की "इंजिनीअरिंगच्या कटऑफच्या पीडीएफ सरकारच्या सीईटी सेलच्या साइटवर फुकट पडल्यात, तरी पंधरा पंधरा हजार मोजणारे पालक मूर्ख आणि घेणारे दलाल." त्याखाली बऱ्याच जणांनी अंगठे उंचावले. मी हेच काम करते, त्यामुळे जरा लांबण लावणार आहे, कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे जावं.

पीडीएफ फुकट आहे, मान्य. उघडा. जीओपनएच, एलओबीसीओ, टीएफडब्ल्यूएस असे कॅटेगरीच्या कोडचे रकाने, आकडे मागच्या वर्षीचे, आणि मध्येच कुठल्या तरी कॉलेजने कम्प्युटरच्या दोन तुकड्या वाढवलेल्या, म्हणजे तो आकडा यंदा चालणार की नाही हे तुम्ही ठरवायचं. फॉर्ममध्ये कॉलेज-ब्रँचचे पर्याय 300 पर्यंत भरता येतात. त्यात 2025 ला फेऱ्या तीनाच्या चार झाल्या आणि ऑटो फ्रीझ, म्हणजे लागलेली सीट आपोआप पक्की होण्याचा नियम, बदललं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच घ्यायचा, दुसरीत पहिल्या तीनातला, तिसरीत पहिल्या सहातला. नाही घेतला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्या वर्षी एक मुलगी आली होती, सायबर कॅफेवाल्याने "सेफ" कॉलेज एक नंबरला टाकलेलं, म्हणे एक तरी हातात राहील. राहिलं ना. पहिल्याच फेरीत फ्रीझ. तिच्या पर्सेंटाइलला त्याच्या बरंच वरचं कॉलेज मिळालं असतं आणि ती माझ्याकडे आली तेव्हा मला करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं.

आणि फॉर्म हे तर सोपं काम आहे हो. पोराला सिव्हिल हवंय, बापाला कम्प्युटर, आजोबांना घराजवळचं कॉलेज, आणि हे तिघं माझ्यासमोर बसून एकमेकांशी न बोलता माझ्याशी बोलतात. जात पडताळणी झाली का विचारलं की "होऊन जाईल मॅडम". नॉन क्रिमिलेयर सर्टिफिकेट 31 मार्चला संपलेलं असतं, ते मला शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री साडेअकराला कळतं. सीट चांगली लागली तर पोरगा हुशार, नाही लागली तर मॅडमनी वाट लावली. फी मी पालकांकडून घेते, पावती देते, कॉलेजकडून एक रुपया घेत नाही.

तिरकस
पावती देणारा काउन्सेलर! राजा केळकर संग्रहालयात कळवा कुणीतरी.

ताई, तुमच्याबद्दल व्यक्तिशः काही नाही. माझ्या पुतण्याला 93 पर्सेंटाइल होते. काउन्सेलरने यादी करून दिली, पहिल्या दहात तीन कॉलेजं अशी की तिथल्या रिक्षावाल्यालाही पत्ता सांगावा लागेल. का टाकली विचारलं तर म्हणे "प्लेसमेंट उत्तम आहे". नंतर त्याच्याच ऑफिसातल्या पोराकडून कळलं, सीटमागे पाकीट ठरलेलं. कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा 1987 चा आहे, त्याने कुणाचं काय वाकडं झालं? पैसे पालकांकडूनही घ्यायचे आणि कॉलेजकडूनही. याला दलाल नाही तर काय मार्गदर्शक म्हणू?

बारामतीची_आई
तिरकस, तुमच्या घरात कुणीतरी मेहुणा नाहीतर चुलतभाऊ असेलच पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआयला शिकलेला. त्याला फोन लावला की तो अर्ध्या तासात सांगतो हे टाक, ते नको टाकू. आमच्याकडे तो मेहुणा नाही. मिस्टर एसटीत, मी शिलाईकाम करते. आम्ही पैसे दिले ते त्या मेहुण्याचे दिले असं समजा.

आणि ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, सर्टिफिकेट काढा, 2024 च्या जीआरने 8 लाखांच्या आतल्या मुलींची फी माफ होते, हे आम्हाला काउन्सेलर बाईंनीच सांगितलं. आम्हाला वाटायचं आपण ओपन, आपल्याला काय मिळणार. तेवढ्या एका वाक्यात त्यांची फी वसूल झाली. मूर्ख तर मूर्ख.

लातूर_पाशिंजर
मुळात काउन्सेलर लागतोच का ते बघा की. पुण्यातल्या कॉलेजात 70 टक्के जागा होम युनिव्हर्सिटीवाल्यांना, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्यांना, उरलेल्या 30 मध्ये सगळा महाराष्ट्र कोंबायचा. ऑटोनॉमस म्हणजे स्वायत्त कॉलेजांचं वेगळं, पण बाकीच्या कॉलेजांत आमच्या पोराला त्याच ब्रँचला पुण्याच्या पोरापेक्षा जास्त पर्सेंटाइल लागतात. ते एच (होम) आणि ओ (बाहेरचे) असे रकाने काढून टाका, काउन्सेलरची निम्मी दुकानं उद्या बंद होतील.

कोथरूड_डेपो
आला का 70:30. अहो तुमच्या विद्यापीठातही 70 टक्के तुमचेच आहेत की. नांदेडला एसजीजीएस आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॉलेज आहे, तिथे जा ना. सगळ्यांना पुणेच कशाला पाहिजे?

उलट नुकसान आमचं झालंय. बहिणीचा मुलगा नीटसाठी तुमच्या लातूरला गेला, अकरावी बारावी तिथेच केली. नीट जमली नाही, मग इंजिनीअरिंग. होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून केली तिथली धरतात, त्यामुळे जन्म सदाशिव पेठेतला आणि फॉर्मवर हा नांदेडचा!

लातूर_पाशिंजर
हे बेस्ट आहे. एक पोरगा 30 टक्क्यांच्या रांगेत उभा राहिला तर तुमची झोप उडाली, आमची अख्खी पिढी त्याच रांगेत आहे. आणि पुणेच का म्हणून विचारता? हिंजवडी लातुरात हलवा, आम्ही येत नाही. मेडिकलचं विभागवार 70:30 तर 2020 ला रद्द केलं ना सरकारने, काय आभाळ कोसळलं?

वर्हाडी_ठेचा
मेडिकलचं रद्द झालं तेव्हा लातूरला पेढे वाटले असतील, आमच्याकडे कुणी वाटले नाहीत. नागपूरच्या जागांवर तिकडचे आले, आमची पोरं कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. पण हे भांडण पुणे विरुद्ध मराठवाडा आहे, विदर्भाला यात कोण विचारतंय, चालू द्या तुमचं.

लातूर_पाशिंजर
म्हणजे तुमच्या पोरांपेक्षा आमच्या पोरांना मार्क जास्त पडले ही आमची चूक?

वर्हाडी_ठेचा
मार्क नाही भाऊ, क्लासेस जास्त पडले.

कोथरूड_डेपो
😂 पहिल्यांदा विदर्भाशी सहमत.

मास्तर_विनाअनुदानित
तुमचं झालं असेल तर मी काही बोलू का. मी एका खाजगी कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो, नाव विचारू नका, तीन महिन्यांचा पगार अडकलाय. आम्हाला प्रत्येकाला अॅडमिशनचं टार्गेट असतं. मे महिन्यात बारावीच्या पोरांचे नंबर मिळवायचे, फोन करायचे, गावोगावी घरी जाऊन चहा प्यायचा, "आमच्याकडे बस आहे, होस्टेल आहे" सांगायचं. कागदावर त्याला समुपदेशन म्हणतात. तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, एआयसीटीईने, 2024 ला चांगल्या कॉलेजांसाठी जागांची कमाल मर्यादा काढली, त्यांनी कम्प्युटर वाढवत नेलं आणि आमच्या वर्गात बाकं जास्त, पोरं कमी. ज्या घरात गेलो त्या मुलाला खरं सांगायचं तर "आमच्याकडे येऊ नकोस" असंच सांगायला हवं होतं. सांगत नाही, कारण माझंही घर चालायचंय. तेव्हा तिरकस, दलाल म्हणायचंच असेल तर आधी आम्हाला म्हणा, आम्ही तर पीएचडी करून दलाल झालोय.

सावली_नाशिक
सर, तुमच्यासारख्यांचे फोन येतात मला, आवाजावरूनच कळतं की माणसाला हे करायचं नाहीये.

तिरकस, पाकिटाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. मलाही मे महिन्यात व्हॉट्सअॅप येतात, ब्रँचप्रमाणे दर लिहिलेले, मेकॅनिकलला जास्त, कम्प्युटरला कमी. आमच्या धंद्यात ना नोंदणी ना परीक्षा, कालपर्यंत मोबाइल रिचार्ज करणारा आज "करिअर गुरू" बोर्ड लावतो. क्लासेससाठी निदान केंद्राने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना तरी काढल्या. म्हणून प्रत्येक पालकाला पहिल्या भेटीतच सांगते, यादीतल्या प्रत्येक पर्यायापुढे मागच्या वर्षीचा तुमच्या कॅटेगरीचा कटऑफ लिहून मागा. जो देत नाही त्याच्यासमोरून उठा. पासवर्ड आणि ओटीपी तुमच्याकडेच ठेवा, मला सुद्धा देऊ नका. पुतण्याच्या वेळी कुणी मागितला होता का कटऑफ?

तिरकस
नाही मागितला. वहिनी म्हणाली एवढे मोठे सर आहेत, कसं विचारायचं.

बरं, महाराष्ट्रात एक काउन्सेलर प्रामाणिक आहे अशी नोंद घेतो, कुठे शिक्का मारायचा ते सांगा. बारामतीच्या ताईंना मूर्ख म्हणालो ते मागे, तो मेहुणा खरंच आहे माझा, व्हीजेटीआयचाच. पण त्याला विचारलं असतं तर त्याने मेकॅनिकल घे म्हणून सांगितलं असतं, 1994 ची बॅच आहे. आणि पंधरा हजार जास्तच आहेत, त्यावर मी हलणार नाही.

बारामतीची_आई
आमच्याकडून सहा घेतले. तुमच्या पुण्याचे दर तुम्हाला लखलाभ.

लातूर_पाशिंजर
ते सगळं ठीक आहे, पण कोथरूडकर, रिकाम्या बाकांना होम युनिव्हर्सिटी नसते आणि भरलेल्या बाकांना का असते, ते अजून सांगितलं नाहीत.

कोथरूड_डेपो
ऑफिसात आहे. संध्याकाळी बघतो तुम्हाला.