टाचणीवरचे कीटक: छंद म्हणून मारून जपावेत की नाही?

हिरवाभुंगा:
मी कीटक जमवतो. टाचणी लावायची, पंख नीट पसरवायचे, वाळवायचे आणि पेटीत ठेवायचे, सगळं रीतसर. पेटी कुणालाही दाखवली की एक तर "अरे किती सुंदर" असं येतं नाहीतर "कशाला मारलंस रे बिचाऱ्याला". दुसरा प्रश्न मला टाळायचा नाहीये म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं सरळ आहे. लेबल असलेला कीटक आणि लेबल नसलेला कीटक या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. टाचणीवर कीटकाच्या खाली छोटा कागद, त्यावर जागा, जमलं तर अक्षांश-रेखांश, तारीख, कुणी पकडला, कसा पकडला, दिव्यावर की फुलावर. त्याखाली दुसरा कागद, जातीचं नाव आणि ते कुणी ओळखलं. एवढं असेल तर तो भुंगेरा शंभर वर्षांनीही कामाचा राहतो. मँचेस्टरला १८४८ साली पेपर्ड मॉथ या पतंगाचा काळा प्रकार पकडला गेला, तोवर तिथे पांढऱ्यावर काळे ठिपके असलेलेच माहीत होते, आणि १८९५ पर्यंत तिथले ९८ टक्के काळे झाले होते. धुराने झाडांची खोडं काळी पडली आणि पक्ष्यांना पांढरे पतंग आधी दिसायला लागले. उत्क्रांती डोळ्यांसमोर घडताना दिसली याचं हे उदाहरण आज शाळेत शिकवतात, आणि त्याच्या मुळाशी हौशी लोकांच्या पेट्या आहेत.

अलीकडचं सांगतो. जर्मनीत क्रेफेल्डची कीटक संस्था १९०५ पासून आहे, बहुतेक सभासद हौशी. त्यांनी ६३ संरक्षित जागांमध्ये २७ वर्षांच्या काळात सापळे लावून कीटक जमवले, वजनं लिहून ठेवली, आणि २०१७ साली त्यातून जगाला कळलं की तिथल्या उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलंय. हे काम कुठल्या मोठ्या विद्यापीठाने सुरू केलेलं नव्हतं.

तर माझं मत: नोंद ठेवणार असाल तर मारणं समर्थनीय आहे, भिंतीवर टांगायला म्हणून मारणार असाल तर नाही. बोला.

रानवारा:
दादा, लेबलचं पटलं, पण लेबल लावल्याने कीटकाला काय फरक पडला? तो दोन्हीकडे मेलाच ना.

कीटकांना वेदना होत नाहीत असं लोक सहज बोलून जातात, आता तेवढं सोपं राहिलेलं नाहीये. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी तोवरचं सगळं संशोधन एकत्र करून आठ निकष लावून तपासलं, तर माश्या-डासांचा गट आणि झुरळं-वाळवीचा गट आठपैकी सहा निकषांत बसला, आणि कुठलाही कीटक एखाद्या निकषात ठामपणे नापास झाला असा चांगला पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याच वर्षी बंबलबी या जाड, केसाळ मधमाश्यांवरचा प्रयोग आला. गरम केलेल्या जागेवर बसून गोड पाणी प्यायचं की थंड जागेवर बसून, अशी निवड दिली. दोन्हीकडे गोडी सारखी असली की त्या गरम जागा टाळतात, आणि गरम जागेवरचं पाणी बरंच जास्त गोड असलं की चटका सोसून तिथे जातात. नुसती आपोआप होणारी हालचाल असती तर असा हिशोब कसा केला असता?

मग कीटक मारायला वापरता त्या तुमच्या इथाइल अॅसिटेटच्या (वाफेने मारणाऱ्या रसायनाच्या) बरणीत त्या शेवटच्या मिनिटांत काय होत असेल याची खात्री कोण देणार? अन्न वाचवायला किंवा रोग थांबवायला मारणं वेगळं. इथे विषय आपल्या आवडीचा आहे, आणि आवडीसाठी दुसऱ्याचा जीव घ्यायचा तर पुरावा तुम्ही द्यायला हवा, मी नाही.

चतुरनजर:
रानवारा +१. आणि आता कॅमेरे इतके भारी झालेत की मारायची गरजच काय? मोबाईलला मॅक्रो लेन्स लावा, फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या ऑनलाईन साइटवर) टाका, तारीख आणि जागा आपोआप येते, म्हणजे हिरवाभुंगा म्हणतात ते सगळं लेबल फुकटात. वर जगभरातले जाणकार ओळख पटवून देतात.

शिवाय एक गोष्ट कुणी बोलत नाही. मेलेला चतुर पाहिलाय का पेटीत? जिवंतपणी डोळे हिरवे-निळे, अंगावर असा रंग की बघत राहावं, आणि वाळला की बहुतेकांचा तपकिरी लाकडासारखा होतो. अॅसिटोनमध्ये बुडवून थोडाफार रंग टिकवतात पण डोळे गेले ते गेलेच. सौंदर्यासाठी जपतो म्हणणाऱ्यांनी सौंदर्य कधी बघितलंच नाही असं मला मनापासून वाटतं.

सूक्ष्मदर्शी:
फोटोचा मुद्दा दर वेळी येतो म्हणून सविस्तर लिहितो. फुलपाखरं, मोठे चतुर, मोठे भुंगेरे, यांचं फोटोवर भागतं, मान्य. पण कीटक म्हणजे एवढेच नाहीत. शेकडो पतंग, छोटे भुंगेरे, माश्या, परजीवी गांधीलमाश्या अशा आहेत की दोन जाती बाहेरून हुबेहूब दिसतात, आणि पोटाच्या टोकाशी असलेले जननावयव काढून मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय कुणीही, कितीही मोठा तज्ज्ञ असो, नाव सांगू शकत नाही. फोटोवर मग "अमुक वंशातलं काहीतरी" एवढंच लिहून ठेवावं लागतं आणि ते तसंच पडून राहतं. डीएनए काढायचा तर त्यालाही निदान एक पाय तरी लागतो, फोटोतून डीएनए येत नाही.

आत्तापर्यंत कीटकांच्या साधारण दहा लाख जातींना नावं मिळालीत आणि खऱ्या जाती ५५ लाखांच्या आसपास असाव्यात असा एक अंदाज आहे. नवीन जातीचं वर्णन करताना एक नमुना कायमचा जपून ठेवतात, होलोटाइप म्हणतात त्याला, पुढे कधीही शंका आली तर तो काढून बघता येतो. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला फक्त फोटोंवरून नाव दिलं, मार्लेइमाया झायलोकोपी, नमुना नव्हताच. त्यावर शेकडो शास्त्रज्ञांनी मिळून विरोध नोंदवला. कारण साधं आहे, फोटोत जे दिसलं नाही ते परत कधीच बघता येणार नाही. पेटीतला कीटक तुम्ही उलटा करून बघू शकता.

म्हणूनच टाचणीलाही नियम आहेत, नुसती मधोमध टोचत नाहीत. भुंगेऱ्याला उजव्या पंखकवचातून टोचतात, माशीला छातीवर मध्यरेषेच्या जरा उजवीकडे, म्हणजे एका बाजूला इजा झाली तरी दुसरी बाजू अभ्यासाला अख्खी राहते. फुलपाखरालाच छातीच्या मध्यातून. यातला प्रत्येक नियम पुढच्या बघणाऱ्याचा विचार करून ठरलाय.

निळीशाई:
सूक्ष्मदर्शी, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही संशोधनाचं बोलताय आणि धागा छंदाचा आहे. छंदाचं खरं रूप बघायचं तर बाजार बघा. काचेच्या फ्रेममध्ये मॉर्फो फुलपाखरू, रेझिनमध्ये विंचू आणि भुंगेरे, कीचेन, पेपरवेट. त्यावर ना जागा ना तारीख. "नैसर्गिकरीत्या मेलेलं" असं लिहून विकतात, पण जे फुलपाखरू आयुष्य जगून मेलं त्याचे पंख झिजलेले, कडा फाटलेल्या असतात, आणि फ्रेममधलं बघा, एक खवला हललेला नसतो. काय ते समजून जा.

आणि दुर्मिळ झालं की मागणी वाढते. वॉलेसची राक्षसी मधमाशी, इंडोनेशियाच्या बेटांवरची, जगातली सगळ्यात मोठी. १९८१ नंतर कुणाला जिवंत दिसल्याची नोंदच नव्हती. २०१८ मध्ये तिचा एक नमुना ऑनलाईन लिलावात नऊ हजार डॉलरच्या वर गेला, आणि जिवंत माशीचा फोटो मिळाला तो २०१९ मध्ये. म्हणजे शास्त्रज्ञ शोधत होते तेव्हा गिऱ्हाईक आधी पोचलं होतं! पापुआ न्यू गिनीचं क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंग, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, सायटीस या धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकावं लागलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. हे सगळं जमवणाऱ्यांच्या हौसेमुळे.

हिरवाभुंगा:
निळीशाई, रेझिनच्या कीचेनबद्दल माझं आणि तुमचं एकच मत आहे, मी पहिल्याच पोस्टमध्ये तेच लिहिलंय. पण "सगळं हौसेमुळे" हे मान्य नाही. त्या बर्डविंगचं जंगलच पामतेलाच्या लागवडीखाली गेलंय, तेही धरा.

आणि ब्रिटनमधलं लार्ज ब्लू फुलपाखरू बघा. संपत चाललं तेव्हा सगळ्यांनी संग्राहकांवर बोट ठेवलं, एका जागेला तर कुंपण घातलं. कुंपणामुळे संग्राहक थांबले आणि चरणारी गुरंही थांबली, गवत वाढलं. या फुलपाखराची अळी एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्यांच्या वारुळात राहते आणि त्यांची पिल्लं खाऊन वाढते, आणि त्या मुंग्यांना उन्हाने तापलेली, आखूड गवताची जमीन लागते. गवत वाढलं, जमीन थंड झाली, मुंग्या गेल्या, फुलपाखरू गेलं. १९७९ मध्ये तिथून नामशेष झालं. जेरेमी थॉमस या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञांनी हे कोडं सोडवलं, पण तोवर उशीर झाला होता. पुढे १९८३ पासून स्वीडनहून आणून परत वसवलं, गवत आखूड ठेवलं, आणि टिकलं. शत्रू चुकीचा ठरवला की जीव वाचत नाहीत, एवढंच म्हणायचंय मला.

रानवारा:
लार्ज ब्लूची गोष्ट खरी आहे, पण तिचा अर्थ तुम्ही फार सैल लावताय. मोठ्या संख्येला दहावीस पकडल्याने काही होत नाही कारण एकेक मादी शेकडो अंडी घालते, हे मलाही माहितीये. पण अधिवास तुटून शेवटची एखादी छोटी वस्ती उरते ना, तेव्हा प्रत्येक मादी मोजावी लागते, आणि संग्राहक नेमका तिथेच जातो, कारण दुर्मिळ तिथेच मिळतं. स्लोव्हेनियातल्या गुहांमध्ये एक आंधळा तपकिरी भुंगेरा आहे, दिसायला अगदी साधा, पण १९३० च्या दशकात त्याला हिटलरचं नाव दिलं गेलं आणि केवळ त्या नावासाठी लोक त्याच्या मागे लागतात. यात कुठलं विज्ञान?

जुनीपेटी:
मी बरीच वर्षं पेट्या सांभाळतोय म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. मारायचं की नाही यावर सगळे भांडतात, पण मारल्यावर पुढची पन्नास वर्षं सांभाळणार कोण?

अँथ्रेनस नावाचा इवलासा भुंगेरा असतो, त्याची केसाळ अळी वाळलेले कीटक आतून पोखरते. पेटीत कीटकाखाली बारीक भुकटी दिसली की समजायचं. लक्ष नसेल तर काही महिन्यांत टाचण्या आणि लेबलं तेवढी उरतात. पूर्वी सगळे डांबराच्या गोळ्या ठेवायचे, पण तो वास रोज श्वासात घेणं चांगलं नाही, म्हणून आता पेटी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवतात आणि बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाहीत, नाहीतर पाणी धरतं. ओल लागली तर बुरशी. उजेडात ठेवलं तर रंग उडतो, मॉर्फोचा निळा टिकतो कारण तो रंगद्रव्याचा नाहीच, खवल्यांच्या रचनेमुळे दिसतो, पण पिवळे, लाल, तपकिरी फिके पडत जातात. भिंतीवर फ्रेम लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस गेल्यावर घरचे पेटी माळ्यावर टाकतात. अशा पेट्या मी उघडल्यात, भुकटीच होती आत. ज्याने संग्रह शेवटी कुठल्या संग्रहालयाला द्यायचा हे आधी ठरवून, लिहून ठेवलेलं नाही त्याने नवीन टाचणी लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आई_दोघांची:
सगळं वाचतेय. माझ्या दहा वर्षांच्या मुलीला हे करायचंय, ती रोज मागे लागलीये, आणि मला तिला नाही पण म्हणवत नाही आणि बरणीत कीटक मारायला शिकवणंही जमणार नाही. काय करू?

जुनीपेटी:
ताई, मेलेल्यांपासून सुरुवात करू द्या. खिडकीच्या कडेला, दिव्याखाली भरपूर मिळतात. वाळून कडक झालेला असतो, तसाच टोचला तर तुटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर उंच ठेवलेल्या झाकणात कीटक, एक-दोन दिवसांत सांधे मऊ होतात. जास्त ठेवू नका, बुरशी येते. टाचणी मात्र कीटकांसाठीचीच घ्या, दोन किंवा तीन नंबरची, शिवणकामाची जाड असते आणि गंजते. आणि लेबल तिलाच लिहू द्या, पहिल्या दिवसापासून.

रानवारा:
ताई, आणि काती जमवायला शिकवा! चतुराची अळी पाण्यात वाढते, मग काडीवर चढून कात टाकून उडून जाते. ती रिकामी कात तशीच चिकटलेली राहते, तिच्यावरून बऱ्याचदा जातही ओळखता येते, आणि उडता चतुर कुठूनही आलेला असू शकतो पण कात मिळाली म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला याचा पुरावा असतो. कुणाचा जीव जात नाही. लेबल लावा तिलाही, त्याबाबत माझं हिरवाभुंगा दादांशी भांडण नाहीये.

हिरवाभुंगा:
कातीचा मुद्दा फार चांगला आहे, तो मी माझ्याकडेही सुरू करतो.

रानवारा:
करा. पण माझ्या एका प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. सूक्ष्मदर्शी म्हणतात तसं ओळखायला नमुना लागतो, ठीक. एक नर एक मादी धरू. मग हौशी पेट्यांमध्ये एकाच जातीच्या वीस-वीस फुलपाखरांच्या सरळ रांगा कशाला असतात? ज्यांची ओळख फोटोवर पटते त्यांच्या?

सूक्ष्मदर्शी:
फरक बघायला रांग लागते, ऋतूप्रमाणे, जागेप्रमाणे रंग आणि आकार बदलतात, पेपर्ड मॉथचं टक्क्यात उत्तर एका जोडीवरून मिळालं नसतं. पण हे तेव्हाच, जेव्हा तुम्ही नेमका तो प्रश्न घेऊन बसलाय. ओळखीच्या फुलपाखरांची नुसती शोभेची रांग असेल तर तिच्या बाजूने माझ्याकडे युक्तिवाद नाही.

हिरवाभुंगा:
माझ्याकडेही नाही. मी माझ्या पेटीची पूर्ण यादी इथे टाकतो, प्रत्येक जातीपुढे किती आणि कशासाठी पकडले ते लिहून.

रानवारा:
टाका. एकेक ओळ वाचेन, आणि जिथे पटणार नाही तिथे लिहीन.