मदत हवी आहे: शनीवरचा एक किलो नेमका किती भरतो?

नमस्कार मंडळी. माझं किराणा मालाचं दुकान आहे आणि मुलगी दहावीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण गुरुत्वाकर्षणाचं, त्यावरून तिने प्रदर्शनासाठी बरण्या मांडायचं ठरवलंय. प्लास्टिकच्या एकसारख्या नऊ बरण्या, आठ ग्रहांच्या आठ आणि एक चंद्राची. पृथ्वीची बरणी एक किलोची. बाकीच्यांत जाडं मीठ असं भरायचं की ती एक किलोची बरणी त्या ग्रहावर जेवढी जड लागली असती, तेवढीच इथे हाताला लागावी. तक्ता वाचून पोरं पुढे जातात, उचलून बघितलं की लक्षात राहतं, हे तिचं म्हणणं मला फार पटलं.

काल दुकान बंद केल्यावर दोघं काट्यापाशी बसलो. गुरूच्या बरणीत अडीच किलोच्या वर मीठ गेलं, पार गळ्यापर्यंत. चंद्राच्या बरणीत १६५ ग्रॅम, तळ जेमतेम झाकला. पण तीन ठिकाणी गाडी अडली.

बुध आणि मंगळ दोघांचं ३७८ ग्रॅमच येतंय. मंगळ बुधापेक्षा चांगलाच मोठा, मग सारखं कसं? आमचं काही चुकतंय का?

दुसरं शनीचं. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, आणि किलोचे भरतात एका ठिकाणी १,०६४ ग्रॅम, दुसऱ्या ठिकाणी ९१६! दीडशे ग्रॅमचा फरक माझं एकही गिऱ्हाईक चालवून घेणार नाही. यातला खरा कोणता?

तिसरं, तिने विचारलं, "बाबा, आपली जुनी तागडी मंगळावर नेली तर?" मी म्हटलं तागडी बरोबरच दाखवेल. पण खात्री करून घ्यायची आहे. प्रदर्शन शनिवारी आहे.

प्रतिसाद

दादा, तुमचे बुध-मंगळाचे आकडे बरोबर आहेत. पृष्ठभागावरची ओढ दोन गोष्टींवर ठरते: ग्रहात माल किती, आणि आपण त्याच्या केंद्रापासून किती लांब उभे आहोत. त्यातही अंतराचा वर्ग घ्यायचा. मंगळाचं वस्तुमान बुधाच्या १.९४ पट. पण त्रिज्या ३,३९० किमी, बुधाची २,४४०, म्हणजे १.३९ पट, तिचा वर्ग १.९३. जेवढं वस्तुमानाने कमावलं तेवढं अंतराने घालवलं. दोन्हीकडे गुरुत्व त्वरण, म्हणजे या ओढीचं माप, ३.७ मी/से² च येतं.

शनीचंही तेच. विषुववृत्तावरची त्रिज्या पृथ्वीच्या जवळपास साडेनऊ पट, वर्ग साधारण ८९. ९५ ला ८९ ने भागलं की तुमचे १,०६४ च्या जवळ येता. शनी इतका विरळ आहे की त्याची सरासरी घनता पाण्याहूनही कमी भरते.

आता ९१६ कुठून आले? शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो. त्या वेगाने तो मध्ये फुगलाय, विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्यापेक्षा सुमारे ५,९०० किमी जास्त. शिवाय त्या गरगरण्याने विषुववृत्तावर वजन हलकं होतं. १,०६४ मध्ये हे फिरणं धरलेलं नाही, ९१६ मध्ये धरलंय. दोन्ही आकडे खरेच, पण सरमिसळ करू नका. गुरूचंही फिरणं न धरता २,५३० आणि धरून २,३६० च्या आसपास येतं. तुम्ही अडीच किलोच्या वर भरलंय, तेव्हा शनीचे १,०६४ घ्या.

एक चिठ्ठी मात्र जरूर लावा: गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून यांना उभं राहायला जमीन नाही. पृथ्वीवरच्या हवेइतका दाब जिथे असतो, त्या थराला पृष्ठभाग मानून हे आकडे काढतात.

तागडीचं उत्तर तुम्ही अचूक दिलंत. ती दोन पारड्यांतल्या वस्तुमानांची तुलना करते आणि ओढ दोन्हीकडे सारखीच कमी होते. इलेक्ट्रॉनिक काटा ओढ मोजतो, तो मंगळावर ३७८ दाखवेल. प्रदर्शनात तागडी आणि काटा शेजारी ठेवलेत तर वस्तुमान आणि वजन यांतला फरक वेगळा समजावावा लागणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

मीठ भरताना रिकाम्या बरणीचा धडा केला होता का, म्हणजे तिचं वजन काट्यावर वजा केलं होतं का? केला असेल तर सगळं चुकलंय. हात बरणीसकट उचलतो.

धागाकर्ता

धडा केला होता! दुकानातली सवय, हात आपोआप तिकडे जातो. आज सगळ्या बरण्या परत भरल्या. रिकामी बरणीच १४० ग्रॅमची निघाली, म्हणजे चंद्रासाठी मीठ फक्त २५ ग्रॅम. पोरीने ते चमच्याने मोजून घातलं, झाकण लावून पुन्हा काट्यावर ठेवलं, आणि झाकणाचे नऊ ग्रॅम जास्त आले म्हणून तेवढं मीठ परत काढलं. तागडी माळ्यावरून उतरवलीये, उद्या चिंच लावून पारडी घासणार आहे. दोघांचे मनापासून आभार.