जाहिरातीतली माउंटन बाइक आणि आपल्या घरातली : तुमचे अनुभव लिहा

नाशिकला मुंबई नाक्यावर दिवाळीच्या आधी एक मोठं होर्डिंग लागलं होतं, कड्यावर उभा असलेला तरुण, मागे संध्याकाळचं आभाळ आणि बाजूला चकचकीत माउंटन बाइक. सिग्नलला थांबलो होतो म्हणून नीट बघितलं तर सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, उलटा. आधी वाटलं आपलीच नजर चुकतेय. पण डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा भाग, चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला असायला हवा, तो इथे उजव्या पायाला आणि तोही पुढच्या बाजूला दिसत होता. म्हणजे चिमटा अख्खा अर्धा गोल फिरलेला आणि हँडल तेवढं सरळ. एवढं मोठं होर्डिंग, त्यावर किती जणांची नजर फिरली असेल, पण कुणालाच ते खटकलं नाही.

हे मी सोडूनही दिलं असतं. पण दोन आठवड्यांनी रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायथ्याशी एक बारावीतला मुलगा भेटला, नवीन सायकल, आणि वळताना त्याच्या बुटाचं टोक सारखं पुढच्या चाकाला घासत होतं. बघितलं तर त्याचाही चिमटा उलटा. चिमट्याची टोकं मुळात चार-पाच सेंटिमीटर पुढे काढलेली असतात, तो उलटा लागला की चाक आठ-दहा सेंटिमीटर मागे येतं, पाय त्यात अडकतो आणि उतारावर ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून पुढे जायची भीती वाढते. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला काका, जाहिरातीत पण अशीच आहे, आणि मोबाईलवर तोच फोटो काढून दाखवला. खोकं घरी आल्यावर त्याच्या बाबांनी फोटो बघून बघून जोडली होती सायकल! माझ्याकडे ऍलन की होत्या, स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, बाजूचे दोन बोल्ट सैल केले, चिमटा फिरवला, सरळ करून आवळला, दहा मिनिटांचं काम.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे की चित्र चुकलं तर ते चित्रातच राहत नाही, आपल्यासारख्या गावात जिथे बहुतेकांच्या घरात ही पहिलीच गियरची सायकल असते तिथे लोक चित्रावरूनच शिकतात. म्हणून विचारतोय, तुम्ही काय काय बघितलंय आणि त्याने पुढे काय झालं ते लिहा. कंपनीचं नाव नको, चूक नीट सांगा म्हणजे दुसऱ्याला ओळखता येईल.

पंचवटी, सायकल दुरुस्तीचं दुकान

उलट्या चिमट्याचं कारण सांगतो. सायकल खोक्यातून येते तेव्हा बरीचशी जोडलेली असते, फक्त पुढचं चाक, हँडल, सीट आणि पेडल सुटे असतात. खोकं अरुंद म्हणून चिमटा मागे फिरवून ठेवलेला असतो. आता ज्याला माहीत नाही तो काय करतो, समोर दिसतो तसा चाक अडकवतो, हँडल आपल्या बाजूला सरळ करून आवळतो, झालं. फोटो काढणाऱ्या स्टुडिओतही खोकंच जातं ना भाऊ, तिथे मेकॅनिक कुठे असतो, दोन पोरं असतात सामान उचलणारी, तीच जोडतात. ऑनलाइन मागवलेल्या सायकली माझ्याकडे येतात त्यात महिन्याला दोन-तीन तरी अशा असतात. साध्या व्ही ब्रेकची, म्हणजे रबरी गुटके रिमला दाबतात तसल्या ब्रेकची, असेल तर अजून सोपी खूण, ब्रेक चिमट्याच्या पुढे दिसला पाहिजे, मागे फ्रेमच्या नळीकडे गेला असेल तर उलटा आहे.

दुसरं म्हणजे पुढच्या चाकाचं क्विक रिलीज, पान्याशिवाय चाक काढता-लावता येतं ती आसावरची दांडी. जाहिरातीत त्याची दांडी कितीदा सरळ बाहेर आलेली असते, म्हणजे उघडीच. लोकांना वाटतं ती चावी आहे, गोल गोल फिरवून आवळायची. तसं नाही, दुसऱ्या बाजूचा नट आवळून मग दांडी दाबून बंद करायची, इतक्या जोरात की तळहातावर वळ उठला पाहिजे. नुसतं फिरवून आवळलेलं चाक खड्ड्यात सुटतं. आणि डाव्या पेडलला उलटे आटे असतात, जबरदस्तीने उजवं पेडल डावीकडे घातलं की क्रँक, म्हणजे पेडल बसतं तो दांडा, गेला कामातून, पेडलवर एल आणि आर कोरलेलं असतं ते आधी वाचा.

कॉलेज रोड, ग्राफिक डिझायनर

मी हे लिहावं की नाही असा विचार करत होते पण लिहिते, कारण चूक माझ्या हातून झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानाचं पत्रक केलं होतं. सायकलचे कॅटलॉगमधले फोटो नेहमी उजव्या बाजूने काढतात, कारण चेन आणि गियर त्या बाजूला, म्हणून सायकलचं तोंड उजवीकडे असतं. मला मजकुराला डावीकडे जागा हवी होती आणि सायकल मजकुराकडे पाठ करून नको होती असं काहीतरी, म्हणून मी फोटो आरशासारखा फिरवला. फ्रेमवरची अक्षरं उलटी झाली ती पुसली आणि सरळ करून परत चिकटवली, त्यामुळे कुणाला संशय यायलाही जागा राहिली नाही. चेन डावीकडे गेली, डिस्क उजवीकडे आली. माझ्या मते ती फक्त एक वस्तू होती जिचं तोंड कुठे आहे एवढंच महत्त्वाचं.

मग दुकानदाराचा फोन आला, एक रिटायर्ड गृहस्थ पत्रक घेऊन आले होते, त्यांच्या उजव्या पायाला ऑपरेशन झालेलं आणि पॅंट चेनमध्ये अडकायची त्यांना भीती, त्यांनी चित्रात चेन डावीकडे बघितली आणि तीच सायकल हवी म्हणून नाशिकरोडवरून रिक्षा करून आले. असं मॉडेलच नाही हे कळल्यावर ते काही न बोलता परत गेले. मला ते आजही लागतं. आता सायकलच काय, शिलाई मशीन, घड्याळ, शर्टाची बटणं, काहीही फिरवायच्या आधी मी विचारते की ह्या वस्तूला डावं-उजवं आहे का.

सातपूर

एक दुरुस्ती. चिमट्याच्या दोन पायांना जोडणारी कमान मागच्या बाजूला दिसली म्हणजे चिमटा उलटा, असं बरेच जण सांगतात. मॅनिटू कंपनीचे चिमटे मुद्दाम मागे कमान ठेवूनच बनवतात, ते बरोबर असतात. कमान बघू नका, कॅलिपर कुठे आहे आणि चाकाचा आस पुढे काढलाय का ते बघा. तसंच महागड्या सायकलच्या फोटोत पेडल नसतात, ती पण चूक नाही, त्या सायकली पेडलशिवायच विकतात, घेणारा आपल्या बुटांप्रमाणे लावतो.

पाथर्डी फाटा, एक आई

माझा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा. त्याने जी जाहिरात बघितली त्यात एक मुलगा मोठ्या दगडावरून सायकल उडवतो, दोन्ही चाकं हवेत, खाली दरी. तीच सायकल हवी म्हणून सहा महिने मागे लागला, मागे पण स्प्रिंग असलेली, डबल शॉकप म्हणतात ती. घेतली आम्ही. आणली तेव्हा मला उचलवेना, भावाने वजन केलं तर सतरा किलो. चढाला पाय मारला की जोर स्प्रिंगच खाते, त्यामुळे तो कंटाळला आणि चढावाऐवजी उड्यांच्या मागे लागला. गोदापार्कच्या पायऱ्यांवरून खाली उडवली, तिसऱ्या की चौथ्या दिवशी चिमटा वाकला आणि हा हातावर पडला. मनगटाला फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर, आणि तेव्हा त्याची सहामाही परीक्षा होती. मी त्याला खूप रागावले होते. मग एक दिवस सायकल पुसताना चेनच्या वर, नळीच्या खालच्या बाजूला एक बारीक स्टिकर सापडलं, इंग्रजीत, उड्या आणि स्टंटसाठी वापरू नये असं. ते वाचून मी तिथेच बसून राहिले. ज्या सायकलला उडवू नका असं लिहून चिकटवलंय तीच हवेत दाखवायची, आणि बघणारा तेरा वर्षांचा. मी मुलाची माफी मागितली, तो म्हणाला जाऊ दे आई, पण मला अजून जाऊ देता येत नाही.

सातपूर (परत)

ताई, हे वाचून वाईट वाटलं. सगळ्यांसाठी सांगतो, सायकल कुठे वापरायची ह्याचे वर्ग ठरलेले आहेत, एएसटीएम ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं एफ2043 नावाचं मानक आहे. पहिला वर्ग फक्त डांबरी रस्ता. दुसऱ्यात मातीचा बरा रस्ता आणि 15 सेंटिमीटरपर्यंतची उडी, तिसऱ्यात खडबडीत वाट आणि 61 सेंटिमीटर, चौथ्यात 122 सेंटिमीटर, त्यापुढचं सगळं पाचव्यात. बऱ्याच कंपन्या हा आकडा फ्रेमवर किंवा पुस्तिकेत देतात. दुकानात हे विचारा, सांगता आलं नाही तर ती सायकल डांबराची समजून चाला.

महात्मानगर

सीटची उंची! जाहिरातीतल्या बायका कायम खाली सीटवर, गुडघे हँडलला लागतील असे वर, कारण दोन्ही पाय जमिनीवर टेकवून हसायचं असतं. मी वर्षभर तशीच चालवली, गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला अशी कळ की जिना उतरता यायचा नाही. मग ग्रुपमधल्या एकीने भिंतीला धरून बसवलं, टाच पेडलवर ठेव, पेडल खाली ने, पाय सरळ झाला पाहिजे. सीट तब्बल चार बोटं वर गेली. दोन-तीन आठवड्यांत दुखणं थांबलं, डॉक्टर नाही, गोळी नाही.

देवळाली कॅम्प

फक्त एवढं की डोंगर उतरतानाच्या फोटोत सीट खाली असेल तर ते बरोबर आहे, मुद्दाम खाली घेतात म्हणजे अंग मागे नेता येतं, त्यासाठी हँडलवर बटण असलेला सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, तोही मिळतो. मला खटकतं ते वेगळंच. तीव्र उतार, धूळ उडतेय आणि मॉडेलची सगळी बोटं हँडलला घट्ट, ब्रेकवर एकही नाही. रामशेजच्या बाजूला कच्च्या रस्त्याने उतरताना मी पुतण्याला आधी हेच शिकवलं, तर्जनी ब्रेकवरून उचलायची नाही, क्रँक आडवे ठेवायचे, बुड सीटवरून वर. हा खेळ सुरू झाला कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत, 1976 पासून तिथे जुन्या जाड टायरच्या सायकलींवर एका डोंगररस्त्याने खाली यायच्या शर्यती व्हायच्या, त्या शर्यतीचं नाव रीपॅक. का, तर मागच्या चाकाच्या मधल्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि खाली आलं की हब उघडून परत ग्रीस भरावं लागायचं, इंग्रजीत रीपॅक. म्हणजे नावच ब्रेकवरून पडलं, आणि जाहिरातीत ब्रेकवर बोट नाही.

इंदिरानगर

2015 ला आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण 4,800 किलोमीटर, केवढा अभिमान वाटला होता. आमच्या कॉलनीत अभिनंदनाचा फ्लेक्स लागला आणि खाली जाड टायरची, शॉकपवाली सायकल छापलेली. ती शर्यत रोड बाइकची, बारीक टायर, वाकलेलं हँडल. फ्लेक्स बघून माझ्या शेजाऱ्याने लांब पल्ल्यासाठी म्हणून तसलीच जाड टायरची घेतली, पंढरपूर वारीला जायचं होतं त्याला, सिन्नरच्या पुढे जाईपर्यंत मांड्या भरून आल्या.

त्र्यंबक रोड

मी अंजनेरीच्या बाजूला राहतो. जाहिरातीत मागचं चाक लॉक करून घसरवत नेतात, मातीचा फवारा उडतो, किंवा वाट सोडून सरळ गवतातून सायकल घालतात. दिसायला छान. पण आपल्याकडे त्या घसरलेल्या रेघेतून पावसाळ्यात पाणी धावतं आणि दोन वर्षांत तिथे घळ पडते, मी डोळ्यांनी बघितलंय. अंजनेरीच्या पठारावर गवतात कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, नावातच अंजनेरी, ती ह्या डोंगराची म्हणूनच ओळखली जाते. बोटाएवढं रोप, फूल नसेल तेव्हा गवतच वाटतं. मागच्या श्रावणात चार पोरं सायकली खांद्यावर घेऊन वर आली आणि व्हिडिओसाठी गवतात घालायला लागली, मी जाऊन रोप दाखवलं, वाकून बघायला लावलं. त्यांनी ऐकलं, वाटेवर आली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांनी जे बघितलं होतं तेच ती करत होती.

शालिमार, फ्लेक्स प्रिंटिंग

आता तर लोक कॉम्प्युटरकडून बनवलेली चित्रं घेऊन येतात. परवा एका शाळेच्या सायकल रॅलीचा फ्लेक्स आला, सायकलचे दोन्ही पेडल एकाच दिशेला, चेन मागच्या चाकापर्यंत पोचतच नाही, तारा रिमच्या आधीच संपतात. मी छापायच्या आधी फोन केला की सर हे चुकीचं आहे. ते म्हणाले मुलांना काय कळतंय. मुलांनाच कळतं, माझ्या पोरीने स्क्रीनवर बघून लगेच सांगितलं होतं. शेवटी शाळेच्या स्टॅंडवरच्या एका खऱ्या सायकलचा फोटो मागवला आणि तो छापला.

म्हसरूळ, शिक्षिका

हेल्मेट मागे सरकवलेलं, कपाळ पूर्ण उघडं, पट्टा गळ्यात लोंबतोय. चेहरा दिसावा म्हणून करतात. भुवईच्या वर दोन बोटं, बस, त्याहून मागे नको, आणि पट्टे कानाखाली व्हीसारखे जुळले पाहिजेत. वर्गात मी मुलांना स्वतःची बोटं लावून बघायला लावते. चाळीसपैकी सहा जणांकडे हेल्मेट होतं, सहाही जणांचं मागे.

भगूर

वरचं पहिलं वाचलं आणि उठून पार्किंगमध्ये गेले. भावाची सायकल आठ महिन्यांची आहे. कॅलिपर पुढे, उजवीकडे. तो रोज हिच्यावर देवळाली स्टेशनला जातो आणि वळताना पाय लागतो म्हणून त्याने बूट बदलले होते, सायकलला मोठे होतात म्हणून. पंचवटीवाल्या दादांनी सांगितलेलं क्विक रिलीज पण बघितलं, नुसतं फिरवून आवळलेलं. दोघांनी मिळून आज संध्याकाळी चिमटा फिरवला, चाक परत बसवलं, दांडी बंद करताना माझ्या हातावर वळ उठला. गल्लीत दोन फेऱ्या मारून आला, जुने बूट घालून, पाय लागला नाही.