मत कुणाला दिलं यावरून माणूस कुठल्या विचाराचा हे कळतं का?

कृष्णाकाठ_सातारा

प्रश्न साधाच आहे पण मला धड उत्तर सापडत नाहीये म्हणून इथं टाकतोय. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीमुळं पिंपरीत. इथं गावाचं नाव सांगितलं की समोरचा लगेच शिक्का मारून मोकळा, "म्हणजे तुम्ही घड्याळवाले". आता घड्याळ कुणाचं हाच वाद झाला तरी शिक्का आहे तिथंच.

आमच्या मतदारसंघाचाच हिशोब बघा ना. २०१९ च्या लोकसभेला उदयनराजे घड्याळावर निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरमध्ये विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक लागली, मतदानाच्या तोंडावर पवारसाहेबांची ती पावसातली सभा झाली, आणि ज्या लोकांनी पाच महिन्यांपूर्वी राजेंना निवडून दिलं त्यांनीच पाडलं, श्रीनिवास पाटील जवळपास ८७ हजारांनी आले. पुढं २०२४ ला तेच राजे कमळावर खासदार. मतदार तेच, उमेदवार तोच, निकाल तीन तऱ्हेचे. मग सातारकर नक्की काय, पुरोगामी, हिंदुत्ववादी का गादीला मानणारे? (तिन्ही म्हणणारे पण भेटतात आणि ते खोटं बोलत नसतात.)

त्यात २०२४ चा निकाल तर अजूनच मजेशीर. फरक ३२-३३ हजारांचा, आणि नुसत्या तुतारी चिन्हावरच्या एका अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं. राजेंच्या समोर उभ्या असलेल्या, पवारसाहेबांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदेंचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. ती सगळीच मतं चुकून गेली असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, पण खासदार विचारसरणीवर ठरला का मशीनवरचं चित्र ओळखण्यावर ठरला असा प्रश्न पडतोच.

आणि हे झालं आकड्यांचं, घरात बघितलं तर अजून गोंधळ. चुलते कट्टर कमळवाले, पण सहकारी कारखाना खाजगी होणार म्हटलं की पेटून उठतात, २०२० चे कृषी कायदे त्यांना अजिबात पटले नव्हते. आत्या पिढीजात काँग्रेसची, हाताशिवाय दुसरं बटण माहीत नाही, तिनं ३७० कलम काढल्यावर पेढे वाटलेले. दोघं दिवाळीला समोरासमोर बसतात तेव्हा भांडतात भरपूर, पण नीट ऐकलं तर दहातल्या सात गोष्टींवर त्यांचं एकमत असतं.

तर पक्षाच्या नावावरून माणसाच्या मतांबद्दल नक्की काय कळतं? आणि काहीच कळत नसेल तर आपण सगळे एकमेकांना पहिलं तेच का विचारतो?

---

निफाडचा_कांदा

भाऊ आमच्याकडे या, साताऱ्याचं विसरून जाल.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, ती उठली २०२४ च्या मे महिन्यात, म्हणजे इलेक्शन चालू असताना. तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार पडल्या आणि भास्कर भगरे सर निवडून आले, आणि तुमच्या त्या तुतारीचं म्हणाल तर आमच्याकडे त्या चिन्हाच्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली तरी सर आले. तेव्हा टीव्हीवाले सांगत होते उत्तर महाराष्ट्रातला शेतकरी भाजपपासून तुटला, शरद पवारांकडे गेला, अमुक झालं तमुक झालं. सहा महिन्यांनी विधानसभा लागली, नाशिक जिल्ह्यात १५ जागा, त्यातल्या १४ महायुतीच्या आणि मालेगाव मध्य एमआयएमची. आघाडीला शून्य!

मग शेतकरी परत हिंदुत्ववादी झाला का सहा महिन्यांत? काय नाय हो. लोकसभेला कांदा डोक्यात होता, विधानसभेला घरातल्या बायांच्या खात्यात लाडक्या बहिणीचे १५०० यायला लागले होते, सोयरीक कुणाची, आमदार कामाला येतो का, मराठा-ओबीसी, हे सगळं आलं. कांद्याबद्दलचं मत तेच आहे, आज पण विचारा, निर्यातबंदी म्हटलं की कमळवाला पण शिव्या घालतो आणि तुतारीवाला पण. फक्त त्या दिवशी कांदा पहिल्या नंबरला नव्हता.

अजून एक. आमच्याकडे हिंदुत्व मानणारे खूप आहेत, मनापासून मानतात. पण म्हाताऱ्या बैलाचं काय करायचं विचारा त्यांना. गाय कापायला बंदी १९७६ च्या कायद्यापासून होतीच, बैलाची २०१५ ला आली. चौकात कायद्याच्या बाजूने बोलणारा माणूस गोठ्यात वेगळं बोलतो. ह्याला कुठल्या पक्षात टाकणार?

---

बांदा_नाक्यावरून

वरच्या बैलाच्या मुद्द्यावरून आठवलं. मी सिंधुदुर्गातला, कामाला रोज गोव्यात जाऊन येऊन. आमच्या नाक्याच्या ह्या बाजूला भाजपचं सरकार गोवंश हत्याबंदी आणून अभिमानाने सांगतं, आणि पाच-दहा किलोमीटरवर पलीकडे त्याच पक्षाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१७ ला विधानसभेत सांगतात की गोव्यात बीफ कमी पडू देणार नाही, कमी पडलं तर कर्नाटकातून आणू. दोन्हीकडे कमळच. गोव्यात ख्रिश्चन मतं लागतात, तिथे पक्ष तसा वागतो, हे समजण्यासारखं आहे, मी टीका पण करत नाहीये, पण मग "भाजपचा मतदार" म्हटल्यावर तो सावंतवाडीचा की म्हापशाचा हे आधी विचारायला लागेल.

आणि गोव्यात पक्षाच्या नावाला किती अर्थ उरलाय ते सांगायलाच नको. २०१९ च्या जुलैमध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी एका फटक्यात कमळ घेतलं. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रॉससमोर आणि दर्ग्यात नेऊन शपथ घ्यायला लावली, पक्ष सोडणार नाही म्हणून. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ गेले. देवाला विचारूनच गेलो असंही त्यातल्या एकाने सांगितलं, हे मात्र मानलं पाहिजे.

माझा गोव्यातला मित्र म्हणतो आम्ही पक्षाला मत देतच नाही, पात्राँवला देतो. म्हणजे मतदारसंघातला जो कर्ता माणूस, नोकरी लावणारा, हॉस्पिटलला फोन करणारा, तो. उद्या तो कुठल्या का पक्षात जाईना.

---

रोखठोक_ठाणे

सगळं वाचलं, मजा आली, पण तुम्ही लोक पक्षाकडून भलतीच अपेक्षा करताय असं मला वाटतं.

मत एक असतं आणि प्रश्न वीस असतात. एका बटणात वीस उत्तरं कशी मावतील? तुम्ही त्या वेळेला कुठला प्रश्न वर ठेवला एवढंच त्या बटणातून कळतं, बाकी एकोणीस प्रश्नांवर तुमचं काय मत आहे ते कळत नाही आणि कळायची गरज पण नाही. निफाडकरांनी तेच लिहिलंय, वेगळ्या शब्दात.

पण म्हणून शिक्क्याला काहीच अर्थ नाही हे मला मान्य नाही. २०२४ ची लोकसभा घ्या. चारशे पारची घोषणा झाली, संविधान बदलणार ही भीती वस्त्या-वस्त्यांत पोचली, आणि २०१९ ला वंचित बहुजन आघाडीला गेलेली बरीच आंबेडकरी मतं महाविकास आघाडीकडे वळली. त्यातल्या कितीजणांना काँग्रेसबद्दल प्रेम होतं? बाबासाहेबांच्या 'रिडल्स' पुस्तकावरून झालेलं आंदोलन बघितलेली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मार खाल्लेली माणसं आहेत ती, दोन्ही वेळा विरोधात असलेल्या शिवसेनेच्या मशालीवर बोट ठेवताना त्यांच्या मनात काय आलं असेल विचार करा. विचार तसूभरही हलला नाही, बटण मात्र बदललं, आणि ते विचारामुळेच बदललं. म्हणजे इथे शिक्का बदलणं हीच निष्ठा आहे. टीव्हीवर मात्र एका ओळीत, "दलित मतदार काँग्रेसकडे परतला".

आणि पक्षांकडून तरी कुठे सातत्य आहे. मी शिवसैनिकाच्या घरात वाढलोय. १९६६ ला मराठी माणसासाठी निघालेली संघटना, आणीबाणीला पाठिंबा देऊन झाला, मग ८७ च्या पार्ल्याच्या पोटनिवडणुकीपासून हिंदुत्व, मग एनडीएत असताना २००७ ला राष्ट्रपतीपदासाठी प्रतिभाताई पाटील, का तर मराठी, आणि २०१२ ला प्रणब मुखर्जी, ते तर मराठी पण नव्हते. आमचे बाबा ह्या सगळ्यात एकच माणूस होते, शाखेत जाणारे, कुणाला रक्त लागलं तर रात्री दोनला उठणारे. त्यांना हिंदुत्ववादी म्हणा किंवा नका म्हणू, त्यांना काही फरक पडला नसता.

---

कृष्णाकाठ_सातारा

@रोखठोक_ठाणे दादा, मुद्दा पटला, वर कुठला प्रश्न ठेवला ते कळतं. पण पुढं काय? २०१९ ला धनुष्यबाणावर बटण दाबलेला माणूस घ्या. त्यानं युतीला मत दिलं. नोव्हेंबरला त्याच्या मताचं आघाडी सरकार झालं (मधे ती पहाटेची शपथ, ती सोडून देऊ). २०२२ ला त्याचा आमदार सुरत-गुवाहाटीला. फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदेंना दिला. मे मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं शिंदे गटाच्या गोगावलेंची प्रतोद म्हणून नेमणूक बेकायदा होती, आणि जानेवारी २०२४ ला अध्यक्ष नार्वेकरांनी निकाल दिला की खरी शिवसेना शिंदेंचीच, पण अपात्र कुणीच नाही, ना इकडचे ना तिकडचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर पक्षविरोधी वागल्याचा दावा लावला आणि शेवटी पक्षविरोधी कुणीच वागलं नव्हतं!!

आता त्या मतदारानं कुठला प्रश्न वर ठेवला होता ते ह्यातून कसं शोधायचं? त्याला हवी होती युती म्हणावं तर शिंदे बरोबर, ठाकरे नाव म्हणावं तर ते बरोबर. स्वतः त्याला विचारलं तर म्हणेल आमच्या आमदारानं रस्ता केला होता म्हणून दिलं.

---

रोखठोक_ठाणे

हो, तिथे माझ्याकडे पण उत्तर नाही. आमच्या घरात बाबा गेल्यानंतर एक भाऊ मशाल, एक धनुष्यबाण, आणि दोघंही म्हणतात आम्ही जागचे हललो नाही.

---

खडू_फळा_नागपूर

मी शिक्षक, अनुदानित शाळेत, २००५ च्या नोव्हेंबरनंतर लागलेलो, म्हणजे जुनी पेन्शन नाही. आता ऐका.

आमच्या स्टाफरूममध्ये निम्म्याच्या वर लोक संघाच्या शाखेत वाढलेले, नागपूरच आहे ना बाप्पा. डिसेंबर २०२२ ला हिवाळी अधिवेशनात, इथंच, फडणवीसांनी सांगितलं का जुनी पेन्शन देणार नाही, राज्य दिवाळखोरीत जाईल. फेब्रुवारीत शिक्षक मतदारसंघाचा निकाल लागला, भाजपचा पाठिंबा असलेले आमदार नागो गाणार पडले आणि आघाडीने पाठिंबा दिलेले सुधाकर अडबाले आले. भाजपच्या घरात! मार्चमध्ये "एकच मिशन जुनी पेन्शन" म्हणून संप झाला तर त्यात सगळे रंग होते, कोणी कोणाला विचारलं नाही तू कोणाचा.

ह्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं चिन्ह नसते, नावांसमोर पसंतीचे आकडे टाकायचे असतात. कृष्णाकाठभाऊ, माझ्या मते हे तुमच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं आहे. चिन्ह काढून घेतलं आणि प्रश्न एकच ठेवला का लोक आपल्या मताप्रमाणे मत देतात. पण त्याच स्टाफरूमने लोकसभेला गडकरींनाच दिलं असेल, मी छातीला हात लावून सांगतो. आणि कोणालाही त्यात काही विसंगत वाटलं नाही, मला पण नाही.

तुम्ही विचारलं का मग एकमेकांना पक्ष का विचारतो. मला वाटते विचार जाणून घ्यायला नाहीच विचारत. पुढच्यासमोर काय बोलायचं नाही, हे ठरवायला विचारतो. नवीन सर आले का पहिल्या आठवड्यात सगळे हळूच चाचपतात, आणि एकदा कळलं का त्या विषयावर त्याच्यासमोर गप्प. म्हणजे पक्ष कळल्यावर त्याचे विचार कळायचा रस्ताच बंद होते.

---

माणदेशी_७६८

लांबलेल्या धाग्यावर सांगोल्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून फक्त एवढंच. शेतकरी कामगार पक्ष म्हणजे कागदावर मार्क्सवादी. गणपतराव देशमुख आबा ११ वेळा आमदार, लाल बावट्यावर. त्या मतदारांतल्या कितीजणांनी मार्क्स वाचला असंल, आषाढीला मात्र सगळी पंढरपुरात. २०१९ ला आबा उभं नव्हते, नातू ७६८ मतांनी पडला आणि धनुष्यबाणाचे शहाजीबापू आले (काय झाडी काय डोंगार वालेच), २०२४ ला परत शेकाप, दुसरा नातू. राज्यात महायुतीची लाट असताना.

आन ग्रामपंचायतीला तर चिन्हावर निवडणूक होतच नाय, पॅनेल असतंय. आमच्या गावच्या पॅनेलमधी मागच्या वेळी शेकाप, भाजप, दोन्ही सेना अशी सगळी एकत्र, समोरच्या पॅनेलमधी पण हीच सगळी. भांडण टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याचं होतं, वरच्या वस्तीला आधी का खालच्या वस्तीला. तिथं इचारा कोण कुठल्या बाजूचा, प्रत्येकजण लगेच सांगतोय आन का ते पण सांगतोय.