ऑटोमॅटिक पिकअप थांबताना मागून लाथ मारल्यासारखा दणका देते, गिअरबॉक्स उघडू का?

निफाडचा_बागायतदार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर, सहा गिअरची ऑटोमॅटिक, आता १ लाख १८ हजार किमी झालेत. घरचीच गाडी पण शेताची कामंही तिच्यावरच, खताच्या गोण्या, हंगामात पिंपळगावला टोमॅटोचे क्रेट, कधी कसारा घाट उतरून मुंबई. पावसाळ्यापासून त्रास चालू झालाय. सिग्नलला हळू होत होत थांबायला आलो की अगदी शेवटच्या क्षणी खट्ट करून दणका बसतो आणि परत निघताना पण एकदा. शिवाय दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडखळते, म्हणजे पाय तेवढाच दाबलेला असतो पण आरपीएमचा काटा मधेच वर उडतो आणि मग झटक्यानं गिअर पडतो. हे दुसरं घाट चढून आल्यावर जास्त, सकाळी गाडी थंड असताना जवळजवळ नाहीच.

मागच्या आठवड्यात आई मागच्या सीटवर होती, तिची मान अशी हिसकली की तेव्हापासून डोक्यातून जात नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक चक्कर मारली आणि सरळ ओव्हरहॉल सांगितलं, २ लाख ८० हजार. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला का विचारलं तर म्हणे डॅशबोर्डवर लाइट लागली नाही मग कशाला. मेव्हणे म्हणतात विकून टाक, पण असा दोष झाकून गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला जमणार नाही. काय करू?

भोसरी_गॅरेजवाला
भाऊ, आत्ता अजिबात उघडू नका. १७ वर्षं हेच काम करतोय, त्यावरून सांगतो, तुमच्या या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र धरल्या की सगळा दोष गिअरबॉक्सच्या नावावर जातो.

थांबतानाचा दणका आधी गाडीखाली शोधा. ब्रेक लागला की मागचा ॲक्सल थोडा हलतो, पाटे दबतात उठतात, त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याची, लांबी कमीजास्त व्हावी लागते आणि त्यासाठी शाफ्टला आतबाहेर सरकणारा स्लिप जॉइंट असतो. त्यातलं ग्रीस सुकलं किंवा चिखलपाणी गेलं की तो अडकून बसतो आणि गाडी थांबतानाच खाडकन सुटतो. बसणाऱ्याला वाटतं गिअर आपटला. गाडी सपाट जागेवर, चारी चाकांना दगड लावा, इंजिन बंद, न्यूट्रलला टाका आणि खाली जाऊन शाफ्ट हातानं दोन्ही बाजूंना पिळून बघा. क्रॉसमध्ये, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या सांध्यांत, टकटक लागली तर क्रॉस गेलेत. शाफ्टला मधे धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का तेही बघा, गिअरबॉक्सचं माउंटिंग पण.

काटा उडतो ती गोष्ट मात्र ऑइलकडे बोट दाखवते. ऑटोमॅटिकमध्ये आतल्या क्लच प्लेटा ऑइलच्या प्रेशरनं दाबल्या जातात. ऑइल जुनं किंवा कमी असलं की तापल्यावर प्रेशर उशिरा बनतं, प्लेट घसरते, काटा वर जातो आणि मग एकदम पकड बसते. तुम्ही म्हणता घाटानंतर जास्त होतं, ते याच्याशी जुळतं. ऑइल कधी बदललंय?

आणि लाइट लागली नाही म्हणजे कोड, म्हणजे कॉम्प्युटरनं टिपलेली दोषाची नोंद, नाही असं नसतं. पेंडिंग कोड लाइट न लावताही मेमरीत पडून असतो. स्कॅन न करता ओव्हरहॉल सांगणं मला तरी चुकीचं वाटतं.

निफाडचा_बागायतदार
दादा, ऑइल मी घेतल्यापासून तरी नाही. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाले ते लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं.

ह्यूस्टनमधला_सातारकर
लाइफटाइम या शब्दानं माझं पण नुकसान केलंय म्हणून लिहितोय. माझी पिकअप इकडे मागे बोटीचा ट्रेलर ओढते. ताशी ४५ मैलांच्या आसपास हलक्या पायानं चालवताना नांगरटीवरून गेल्यासारखी थरथरायची, मी कित्येक महिने टायर बॅलन्सिंग करत बसलो. निघालं काय तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअप क्लच, आणि ऑइल पार चहाच्या रंगाचं झालेलं. नुसतं ड्रेन केलं तर सगळं ऑइल निघत नाही हे लक्षात ठेवा, माझ्यात ११ लिटर असतं आणि खालून निघालं पाचच, बाकीचं कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून मधे काही शे मैल चालवत तीनदा केलं, थरथर गेली. मशीन लावून प्रेशर फ्लश मात्र मी करू दिला नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच ग्रेडचं घाला, लाल आहे म्हणून कुठलंही चालत नाही.

ठाणे_पिकअप
पण जुनं ऑइल बदलल्यावरच गिअरबॉक्स खराब होतो असं ऐकलंय ना?

भोसरी_गॅरेजवाला
ते असं होतं की लोक गाडी घसरायला लागून प्लेटा जळाल्यावर येतात, मग ऑइल बदललं काय न बदललं काय ती जाणारच असते, नाव ऑइलचं होतं. म्हणून आधी वास घ्या. तपकिरी पण वास साधा असेल तर बदला. करपल्याचा उग्र वास आणि पॅनमध्ये बोटाला टोचणारा कीस असेल तर खर्चाची तयारी ठेवा. चुंबकावर राखाडी मऊ लगदा असतोच, त्याला घाबरू नका.

एक महत्त्वाचं, ड्रेनच्या आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघून घ्या, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल. तुमच्यात बहुतेक डिपस्टिक नसणार. गाडी सपाट, इंजिन चालू, सगळे गिअर एकेकदा फिरवायचे, स्कॅनरवर ऑइलचं तापमान मॅन्युअलमधल्या आकड्यात आलं की लेव्हलचा बोल्ट उघडायचा. बारीक धार येऊन थेंब थेंब पडायला लागलं की लेव्हल बरोबर. अंदाजानं भरू देऊ नका.

निफाडचा_बागायतदार
अपडेट देतोय. गावातल्याच मिस्त्रीला घेऊन गाडीखाली शिरलो. क्रॉस घट्ट होते, पण स्लिप जॉइंटच्या निप्पलला ग्रीसगन लावली तर आधी गढूळ पाणीच बाहेर आलं, मग गंजाचा काळपट चिखल, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ ग्रीस. जॉइंट खोलून पुसून पुन्हा भरला. त्याच संध्याकाळी आईला बसवून निफाडमध्ये दहाबारा वेळा थांबवून बघितली, दणका गेलाय.

ऑइल नाशिकला एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावून केलं. कोड एकही नव्हता. रंग तपकिरी, वास साधा, चुंबकावर लगदा, टोचणारं काही नाही. फिल्टर पण बदलला. गॅरेजवाल्यानं जुनं लर्निंग, म्हणजे गिअर कसे टाकायचे याची कॉम्प्युटरनं शिकलेली सवय, पुसलंय, म्हणून पहिले दोन दिवस गिअर जरा विचित्र पडत होते, आता नीट पडतायत. काटा अजून उडतो पण थोडासाच, तोही फक्त क्रेट भरलेले असताना. हजार किमीनंतर दुसरा ड्रेन करतो आणि कसारा चढून आलो की लिहितो.

भोसरी_गॅरेजवाला
बरं झालं भाऊ. दुसऱ्या ड्रेनचं ऑइल बाटलीत धरून ठेवा आणि पहिल्याशेजारी ठेवून फोटो टाका, रंग बघून पुढचं सांगतो. तोवर घाटात भरलेली गाडी हाताने खालच्या गिअरला धरून चढवा, गिअरची वरखाली कमी होईल आणि ऑइल कमी तापेल.